मुंबईचं तिकीट मी दिलं नाही

“मॅडम, मुंबईचं येक तिकीट द्या. बिगीनं!”

मान वर केली, तर काचेपलीकडे कार्ल्याच्या मावशी. एका हातात पिशवी, काखेत बाळंतविड्याचं गाठोडं. दोनच दिवसांपूर्वी मी त्यांना हैदराबादचं रिझर्व्हेशन दिलं होतं. लेकीचं सिझेरियन उद्या सकाळी, आणि तिथे तिच्याजवळ बाईमाणूस कुणी नाही. गाडी आजच दुपारची, तीही लोणावळ्याहूनच. मग मुंबई कशाला?

“अहो मावशी, गाडी इथे येणार आहे. तुम्ही उलट्या दिशेला कुठे निघालात?”

“तिकिटावर मुंबई लिवलंय की!” मावशींनी तिकीट काचेखालून आत सरकवलं. “ आमचा थोरला म्हनला, गाडी तितंच धरायची.”

आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक स्टेशनला ठरावीक बर्थ मिळतात, त्याला आम्ही कोटा म्हणतो. लोणावळ्याचा कोटा संपला होता, मुंबईचा शिल्लक होता. म्हणून तिकीट मुंबईपासून काढलं आणि बोर्डिंग, म्हणजे चढायचं स्टेशन, लोणावळा टाकलं. हे मी मावशींना नीट समजावलंही होतं. पण घरच्या हुशाराने फक्त वरची ओळ वाचली.

मुंबईकडे जाणारी गाडी त्या दिवशी लेट होती. मावशी तीत बसल्या असत्या, तर हैदराबादची गाडी घाटात त्यांच्या शेजारून निघून गेली असती.

“मुंबईचं तिकीट मी देणार नाही.”

“आवं, पैसं देतीय न्हवं? फुकट मागती का?”

रांगेत आरडाओरडा सुरू झाला. तो ऐकून सुपरवायझर आले.

“मॅडम, पॅसेंजर मागेल ते तिकीट द्यायचं. आपण कोण विचारणार?”

“सर, ओरडा नंतर. आधी हे वाचा.” मावशींचं रिझर्व्हेशन मी सरांच्या हातात कोंबलं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. आवाज एकदम खाली आला. “मावशी, चला. मीच तुम्हाला प्लॅटफॉर्मवर बसवतो.”

“आन् गाडी हितं न्हाई थांबली तर?”

“तर माझी नोकरी तुमच्या नावावर!” मी म्हटलं. रांगेतले लोक हसले, मावशी मात्र नाही.

गाडी थांबली. टीसीने यादीत नाव बघून बर्थ दाखवला, तेव्हा कुठे त्या हसल्या, असं सरांनी परत येऊन सांगितलं.

चार दिवसांनी थोरला पेढे घेऊन खिडकीवर आला. “मुलगी झाली ताईला. ऑपरेशनला आत न्यायच्या आधी ताई आईचा हात धरून बसली होती म्हणे.” एवढं सांगून त्याने पेढ्यांचा पुडा आत सरकवला. मी एक पेढा तोंडात टाकला; मागे रांग होती.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला ‘कुठलं तिकीट?’ एवढंच विचारायला शिकवतात. ‘कुठे निघालात?’ हे ज्याचं त्याने शिकायचं.