आपांनी सांगितलेलं पॅडिंग

मित्रांनो, आज स्वतःचीच लाज वाटून राहिली, म्हणून लिहितोय.

अहमदपुरात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. वेब पेज बनवायला शिकवतो. पहिले आठ दिवस सॉफ्टवेअर उघडू देत नाही, नुसते शब्द पाठ करून घेतो. हेडर, फुटर, मार्जिन, पॅडिंग. मी स्वतः असाच शिकलो.

या बॅचला शबानाआपा आहेत. ब्लाउज शिवतात. त्या ब्लाउजांचे फोटो टाकायला स्वतःचं पेज पाहिजे म्हणून आल्या. काल त्यांना उभं करून पॅडिंगची व्याख्या विचारली.

"सर, काठ अंगाला रुतू नये म्हणून ब्लाउज आतून थोडा ढिला ठेवतो ना, तेच की."

पोरी हसल्या. मीही हसलो. वर म्हणालो, "आपा, हा शिवणक्लास न्हाई."

आज आपा आल्या नाहीत.

आज पहिल्यांदाच सॉफ्टवेअर उघडलं. एका पोरीच्या पेजवर फोटो चौकटीला चिकटला होता, मधे पॅडिंगच नव्हतं. व्याख्या तोंडपाठ असलेली ती पोरगी नुसती बघत बसली. शेजारची हळूच म्हणाली, "अगं, आतून ढिला कर. आपा म्हणल्या तसं." लगेच जमलं.

मी आपांना फोन लावला. मागं मशीन चालू होती. "जाऊ द्या सर, ह्या वयात न्हाई जमायचं मला."

ज्यांना खरं कळलं होतं, त्यांनाच मी घरी बसवलं.

उद्या त्यांच्या घरी जाणार आहे. पण हसलो होतो अख्ख्या बॅचसमोर. माफी दारात एकट्यानं मागून भागेल का?