जावयाची तांब्याची नळी

धोंड्याच्या महिन्यात जावयाला दिवा आणि अनारसे द्यायचे, ही रीत. धाकट्या बहिणीचा नवरा जेवायला येणार म्हणून बाबांनी सकाळीच वाणाचा दिवा घासून ठेवला होता. मी मात्र तोंड फुगवून बसले होते, ते एका नळीपायी.

बाबा निवृत्त फिटर. मी डिप्लोमा करून शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरीला लागले, तरी त्यांच्या तोंडून ‘शाब्बास’ कधी ऐकलं नव्हतं. म्हणून महिनाभर खपून मी घरीच हीट पाईप बनवला. हातभर तांब्याची नळी, एक टोक डाख देऊन बंद, आत थोडंसं पाणी. ते उकळून वाफेनं आतली हवा बाहेर ढकलायची आणि त्याच क्षणी दुसरं टोक चिमटून टाकायचं. मग एक टोक तापवलं की आतली वाफ झटक्यात दुसऱ्या टोकाला जाऊन ते तापवते. मी चिमटायला जरा उशीर केला आणि हवा परत आत शिरली. दुसरं टोक कोमटसुद्धा होईना. बाबांनी नळी हातात धरून पाहिली, ‘हं’ म्हणाले आणि जावयाला फोन लावला.

जावई फ्रिज-एसी दुरुस्त करतो. त्यानं आपल्या पंपानं हवा ओढून तशीच नळी एका दुपारी बनवली. एका दुपारी! माझा नुसता जळफळाट झाला. बारावी नापास माणूस, आणि तो ती नळी घेऊन जेवायला आला तर बाबा ‘जावईबापू, जावईबापू’ करत त्याला अनारसे वाढत होते.

जेवणं झाल्यावर बाबांनी वाणाचाच दिवा लावला आणि मला जावयाची नळी तपासायला सांगितलं. आतलं पाणी उताराला साचतं, म्हणून ज्योत खालच्या टोकाला हवी, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी दिवा स्टुलावर ठेवला, नळीचं वरचं टोक ज्योतीवर धरलं आणि खालचं बाबांच्या हातात दिलं.

बराच वेळ गेला. काहीच लागत नाही, असं बाबा म्हणाले. जावई ओशाळला.

"माझंच कायतरी चुकलं असंल, ताई."

मला फार बरं वाटलं. त्याची आजही लाज वाटते.

बाबांनी दिवा उचलून फरशीवर ठेवला. तेच काजळलेलं टोक ज्योतीवर आणलं, गार टोक वर केलं आणि ते मला धरायला लावलं. बघता बघता बोटं अशी पोळली की मी नळी टाकूनच दिली. बाबांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास" म्हणाले. तो पाणी आणायला आत पळाला, तसे ते माझ्याकडे वळले.

"उलटी धराया बी अक्कल लागती, पोरी. तुला समदं ठावं व्हतं."

मी मान खाली घातली. जावई तांब्या घेऊन आला आणि माझ्या बोटांवर गार पाणी ओतत बसला.