खार्टूमची स्पर्धा आणि आपली स्पर्धा

प्राध्यापक मल्हारराव जगदाळे सरांची आणि माझी पहिली भेट वर्गात झाली. मी तेव्हा दिवसा नोकरी करीत असे आणि संध्याकाळी बेंगळुरूच्या राजाजीनगरातल्या एका कॉलेजात इतिहास शिकायला जात असे. पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढला, त्यात एकेक रेघ ओढली आणि हा भाग कोणाचा, तो कोणाचा, असे विचारू लागले. आम्ही हुशारीने उत्तरे दिली. हा इंग्रजांचा, तो फ्रेंचांचा, तो पोर्तुगीजांचा. सरांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "तिथं राहणाऱ्यांचं नाव अजून कोणी घेतलं नाही."

आवाज चढला नव्हता, तरी सगळा वर्ग खाली बघत होता. सरांच्या सहवासात माझी मान अनेकदा खाली गेली आहे, त्याची ही सुरुवात. सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लिहायला बसले तेव्हा वाटले होते की गौरवाचे चार शब्द सहज सुचतील. ते सुचले नाहीत. जे सुचले त्यात लाजच अधिक आहे, आणि ती माझ्या एकटीची नाही.

सर मूळचे बेंगळुरूचे. तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या मराठी घराण्यांपैकी त्यांचे एक. घरात मराठी, दारात कानडी, वर्गात इंग्रजी, आणि मैदानावर या तिन्हींची मिसळ. तरुणपणी ते मधल्या फळीत खेळत, पुढे पंच झाले, मग प्रशिक्षक. आपल्या मराठी मंडळाची वार्षिक फुटबॉल स्पर्धा त्यांनीच सुरू केली हे सर्वांना ठाऊक आहे. सुरुवातीला गोलांच्या जाळ्याही नव्हत्या. चेंडू खांबांच्या आतून गेला की बाहेरून, यावर होणारी भांडणे सर मिटवीत, आणि दोन्ही बाजू त्यांचे ऐकत.

माझ्यासारख्या बिनखेळाडू माणसाला सर जवळचे वाटले ते दुसऱ्याच कारणाने. आमच्या घरची मराठी कानडी वळणाची. एकदा मंडळाच्या सभेत मी "जरा थांबा" याऐवजी कानडी वळणाने "स्वल्प थांबा" असे म्हणाले आणि पुण्याहून आलेले एक पाहुणे मोठ्याने हसले. त्यांच्यानंतर सर बोलायला उठले. त्या दिवशीच्या भाषणात सरांनी जिथे तिथे "स्वल्प" हाच शब्द वापरला, अगदी गंभीर चेहऱ्याने. पाहुण्यांना काही कळले की नाही, कोण जाणे. मला कळले. त्यानंतर सरांचे हस्तलिखित टंकायचे काम मी मागून घेतले.

ते हस्तलिखित म्हणजे आफ्रिकेच्या राष्ट्रीय संघांच्या फुटबॉल स्पर्धेचा सुरुवातीचा इतिहास. मराठीत असे पुस्तक लिहावे असे सरांना का वाटले, हे मीही विचारले होते. त्यांच्या हाताखाली ऐंशीच्या दशकात सुदानी मुले शिकायला होती. त्यांतल्या एकाने आपल्या गावी भरलेल्या पहिल्या स्पर्धेची गोष्ट सांगितली आणि सरांना ती सोडवेना. ती गोष्ट अशी. १९५७ साली, सुदान स्वतंत्र होऊन जेमतेम वर्ष झालेले असताना, खार्टूममध्ये पहिली स्पर्धा भरली. चार देश येणार होते: सुदान, इजिप्त, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका. आले तीनच. दक्षिण आफ्रिकेने कळवले की आम्ही एकतर सगळ्या गोऱ्यांचा संघ पाठवू किंवा सगळ्या काळ्यांचा, पण दोघांचा मिळून एक संघ पाठवणार नाही. बाकीच्यांना ते मान्य झाले नाही. इथिओपियाचा सामना दक्षिण आफ्रिकेशी होता, तो न खेळताच इथिओपिया अंतिम फेरीत गेला आणि तिथे इजिप्तकडून चार गोलांनी हरला. त्याआधी इजिप्तने सुदानला हरवले होते. अशी ही दोनच सामन्यांची स्पर्धा. पुढची कैरोला, तीही तीनच संघांची. त्यापुढची अदिस अबाबाला, जिथे इथिओपियाने जादा वेळेत इजिप्तला हरवून करंडक घरी ठेवला.

टंकताना मी एका जागी अडले. सरांनी लिहिले होते की दक्षिण आफ्रिकेला बाहेर काढले गेले असे बहुतेक जण सांगतात, पण आपण स्वतःहून माघार घेतली असेही त्या बाजूने सांगण्यात येते, आणि त्या दिवसांची कागदपत्रे धड उरलेली नाहीत. मी म्हणाले की सर, हे दुसरे वाक्य गाळू या, त्याने गोष्टीचा जोर जातो. सर म्हणाले की जोर जाऊ दे. ज्यांचे म्हणणे आपल्याला आवडत नाही त्यांचेही म्हणणे लिहायचे, नाहीतर तो इतिहास नव्हे. वाक्य राहिले.

पुस्तक निघाले तेव्हा आपण सगळे होतो. सरांना हार घातला तो माझ्या थोरल्या भावांनी. मी घरी त्यांना अण्णा म्हणते, इथेही तसेच लिहिते. अण्णा सरांच्या संघाचे जुने कर्णधार. पीण्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे आणि स्पर्धा समितीचे अध्यक्षही तेच आहेत. त्या पुस्तकाची प्रत आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे. ते कोणी वाचले होते, हा प्रश्न मला गेल्या वर्षी पडला.

गेल्या वर्षी सरांच्या संघात यासिर नावाचा मुलगा खेळू लागला. तो खार्टूमचा, इथे फार्मसी शिकायला आलेला. त्याच्या शहरात युद्ध पेटले आणि घरचे लोक कैरोला निघून गेले, त्यामुळे सुट्टीत जायला घर नाही. जे. पी. नगरच्या पुढे एका खोलीत तो दोन मित्रांसह राहत असे आणि मेट्रोने राजाजीनगरला सरावाला येई. सरांनी उत्साहाने त्याला पहिल्या स्पर्धेविषयी विचारले. यासिरला काहीच माहीत नव्हते. त्याचा जीव युरोपातल्या एका क्लबात अडकलेला. पण त्याने कैरोला आजीला फोन करून विचारले. आजीला एवढेच आठवत होते की सुदान इजिप्तकडून हरला त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत. हे ऐकून सर जितके मनापासून हसले तितके हसताना मी त्यांना क्वचितच पाहिले आहे.

स्पर्धेच्या आधी समितीकडे यासिरबद्दल तक्रारी आल्या. कोणा पालकांना भीती वाटत होती, कोणा संघाला ही "आपली" स्पर्धा वाटेनाशी झाली होती, खेळाडूंना उतरायला जागा देणाऱ्यांनीही कुरकुर केली. यासिरने कोणाचे काही वाकडे केले नव्हते आणि तसे कोणी म्हणतही नव्हते. बैठक झाली. त्या रात्रीच्या जेवणाला मी अण्णांकडे होते. अण्णांनी सगळे सांगितले, आणि एखादा गुंता सोडवल्यासारखे समाधानाने सांगितले. सरांना त्यांनी सुचवले होते की आपल्या मुलांचा संघ वेगळा ठेवा, आणि हवे तर परदेशी मुलांचा एक वेगळा संघ करा. त्यालाही आम्ही मानाने प्रवेश देऊ. फक्त एकत्र नको.

माझा घास हातातच राहिला. मी म्हणाले, "अण्णा, हेच कळवलं होतं त्यांनी."

"कोणी?"

"दक्षिण आफ्रिकेनं. सरांच्या पुस्तकात आहे."

अण्णांनी पोळीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "ते वेगळं. तिथं तसा कायदा होता. आपण फक्त अडचण टाळतोय."

ते पुस्तक समोरच्या कपाटात होते. वहिनींनी भात वाढला. अण्णा दुष्ट नाहीत, आणि म्हणूनच मला जास्त लाज वाटली. त्यांच्या कारखान्यात ओडिशापासून बिहारपर्यंतचे कामगार आहेत, त्यांच्या आजारपणात अण्णा धावून जातात. तरी हे वाक्य त्यांच्या तोंडून आले, आणि बैठकीत सरांखेरीज एकालाही ते खटकले नाही.

सरांनी बैठकीत वाद घातला नव्हता. त्यांनी एवढेच विचारले होते की हा निरोप यासिरला कोण सांगणार. तुमचे ऐकतो तो, तुम्हीच सांगा, असे उत्तर आले. सरांनी अण्णांना बरोबर चला म्हटले. अण्णांनी कारखान्यातल्या तपासणीचे निमित्त सांगितले. मग सरांनी मला फोन केला. म्हणाले, "तू ये. तुमच्या घरातलं कोणीतरी हवं."

आम्ही मेट्रोने गेलो. यासिरने खोलीतली एकमेव खुर्ची सरांना दिली, मला पलंगावर बसवले आणि पुदिना घातलेला काळा चहा केला. सरांनी काही न लपवता, काही मऊ न करता समितीचे म्हणणे त्याला इंग्रजीत सांगितले. शेवटी म्हणाले की ही स्पर्धा मी सुरू केली, तेव्हा हे माझ्याकडूनच झाले असे समज.

यासिर चिडला असता तर सोपे गेले असते. त्याला आमचीच दया आली. तो घाईघाईने म्हणाला की काही बिघडत नाही, त्या दिवशी मला ताप आला असे सांगू, संघ मोडू नका.

सर म्हणाले, "मग तुझ्या तापाचं खोटं मला माझ्या मुलांना सांगावं लागेल. ते मी सांगणार नाही."

त्यावर सरांनी त्याला खार्टूमची गोष्ट सांगायला घेतली. तुझ्याच गावात, तुझ्याच लोकांनी, असे ते म्हणत होते. यासिरने हळूच त्यांना थांबवले. "सर, मला फक्त खेळायचं आहे. मला कशाचं उदाहरण करू नका."

सर तिथेच थांबले. चहा संपवला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही निघालो. परतीच्या गाडीत पुढचे स्टेशन यायच्या आत ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "सुनंदा, त्यांनी त्याला अडचण केलं. मी त्याला माझ्या पुस्तकातला पुरावा करायला निघालो होतो. तो खेळाडू आहे, हे दोघंही विसरलो."

पंचाहत्तरीला पोचलेल्या, वीस-बावीस वर्षांच्या मुलाचे म्हणणे मान्य करायला एक स्टेशनही न लागलेल्या माणसाविषयी मी काय लिहू? आदर हा शब्द अपुरा पडतो. माझ्या शेजारी बसलेले सर स्वतःच शरमलेले होते, आणि ज्यांनी शरमायला हवे होते ते आपापल्या घरी निवांत होते.

पुढचे तुम्हाला माहीत आहे. सरांनी सगळ्या मुलांना बोलावून खरे ते सांगितले आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. मुलांनी नाव मागे घेतले. सरांनी वर्तमानपत्राला काही कळवले नाही, राजीनाम्याचे पत्रकही काढले नाही. त्या रविवारी स्पर्धा झाली. सरांच्या संघाचा सामना होता तेव्हा अण्णांना ध्वनिक्षेपकावर सांगावे लागले की समोरचा संघ न खेळताच पुढच्या फेरीत गेला आहे. अण्णांचा आवाज मैदानभर घुमतो, तो त्या दिवशी पुढच्या रांगेलाही नीट ऐकू गेला नाही. त्याच वेळी पीण्यातल्या एका शेडमागच्या मोकळ्या जागेत सरांची मुले आपसातच दोन संघ करून खेळत होती. यासिरने गोल केला की नाही, हे मी सरांना विचारले. त्यांनी सांगितले की केला, आणि दोन सोप्या संधी घालवल्याही.

काही आठवड्यांनी अण्णा सरांच्या घरी गेले. मीही होते. माफीची जुळवाजुळव करून आलेल्या अण्णांना सरांनी बोलूच दिले नाही. माफी माझी नाही, त्याची मागा, चला, असे म्हणून त्यांना घेऊन ते यासिरकडे गेले. तिथे अण्णांचे इंग्रजी अडखळले आणि वाक्य अर्ध्यावर राहिले. यासिरने "इट्स ओके, सर" म्हणून त्यांना सोडवले. घरी आल्यावर अण्णा जेवायला बसले नाहीत. मला म्हणाले, "त्यानं रागवायला हवं होतं. त्यानं मलाच सांभाळून घेतलं."

या वर्षी समितीने नियम बदलला. ज्या संघात जो खेळतो तो खेळेल, असे इतिवृत्तात आले आहे. मागच्या वर्षी काय घडले याचा त्यात उल्लेख नाही. सरांच्या संघाने नाव दिले आहे. यासिर मात्र त्यात नाही. त्याचे शिक्षण संपले आणि तो घरच्यांकडे कैरोला गेला. आपण दार उघडले तेव्हा आत येणारा निघून गेला होता, आणि त्यामुळे आपल्याला ते उघडणे जड गेले नाही.

हा सत्कार सर आधी नको म्हणत होते. शेवटी त्यांनी दोन अटींवर होकार दिला. ग्रंथात गेल्या वर्षीची हकिगत आली पाहिजे, आणि तिच्यात त्यांना फार चांगले दाखवू नये. पहिली अट मी पाळली. दुसरी जमली नाही, सरांनी क्षमा करावी. अण्णांनी हा लेख छापण्यापूर्वी वाचला. एक शब्दही बदलला नाही, फक्त आपला उल्लेख कुठे कुठे आहे हे पुन्हा एकदा पाहिले आणि कागद परत दिले.

सर, तुमचे गुडघे तुम्हाला मैदानापर्यंत नेत राहोत, साखर काबूत राहो, आवाज असाच न चढता शेवटच्या बाकापर्यंत पोचत राहो. तुम्हाला खूप वर्षे मिळोत असे आम्ही म्हणतो, त्यात आमचाही स्वार्थ आहे. आम्हाला सुधारायला अजून वेळ लागणार आहे, आणि तोवर तुम्ही इथे हवे आहात.