कृपाच्या प्रोग्रामला आखाजी कशी कळली?

भूतखेत, करणी, नजर... असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आले. मी कंप्युटर इंजिनिअरिंगची मुलगी. प्रोग्रामला जेवढं सांगू तेवढंच तो करतो, हे आम्हाला पहिल्याच सेमिस्टरला शिकवलंय. तरीही हे लिहितेय. आणि आधीच सांगते, यात मी काही फार चांगली दिसणार नाही.

आम्ही सुरतला लिंबायतमध्ये राहतो, मूळचे धुळ्याकडचे. पप्पा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. गेल्या वर्षी कॉलेजात ट्रेडिंगची स्पर्धा होती — पैसे खोटे, पण शेअरबाजाराचे भाव खरे. प्रत्येकाने एक प्रोग्राम लिहायचा, दोन आठवडे तोच आपोआप खरेदी-विक्री करणार. संध्याकाळी त्यात बदल करायची मुभा. पहिल्या नंबरला थेट नोकरी. मला ती हवीच होती. लूमच्या आवाजाने पप्पांचे कान जवळजवळ गेलेत, त्यांना आता घरी बसवायचं होतं.

आणि पहिल्या नंबरवर कोण? कृपा! कापड मार्केटमध्ये दोन दुकानं असलेल्या घरची. तिला नोकरीची काय गरज? मैत्रीण होती माझी, माझ्यासाठी रोज डब्यात दोन थेपले जास्त आणायची. पण लॅबमधल्या बोर्डावर सगळ्यांचे सौदे आणि नंबर लागायचे, तिथे तिचं नाव माझ्या वर दिसलं की नुसता जळफळाट व्हायचा. वर ती माझीच समजूत काढायची, "तारो पण आवशे, जोजे ने!" तुझाही येईल म्हणे! अंगाची लाही व्हायची.

तिसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. मी जो सौदा संध्याकाळी प्रोग्राममध्ये घालायचं ठरवायचे, तो तिच्या प्रोग्रामने दुपारीच केलेला असायचा. एकदा झालं, दोनदा झालं... मला वाटलं, ही माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावते. म्हटलं, आता काही लिहायचंच नाही.

रविवारी जेवताना पप्पा आईला म्हणाले, "आते आखाजीले समदा गावले जातीन, कारखानामा कोन ऱ्हाई?" माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अक्षय्य तृतीयेला आपली माणसं खानदेशात गेली की इथले लूम बंद. म्हणजे कापड कंपन्यांचे शेअर आधीच विकून टाकायचे! कुणाशी बोलले नाही, कागदावरही उतरवलं नाही.

सोमवारी लॅबमध्ये पोचले, तर बाजार उघडताच कृपाच्या प्रोग्रामने कापडाचे सगळे शेअर विकलेले. फक्त कापडाचे. दुपारपर्यंत त्यांचे भाव पडलेसुद्धा.

मी काय केलं? आखाजीआधी कापड विकायचा नियम घाईघाईने माझ्या फाइलमध्ये टाइप केला आणि स्पर्धा घेणाऱ्या सरांकडे गेले — हिने माझा आधीच लिहिलेला नियम चोरला म्हणून. हे आज पहिल्यांदाच कबूल करतेय.

सरांनी तिचा कोड सगळ्यांसमोर ओळ न् ओळ वाचला. भाव सरासरीच्या वर असेल तर घे, खाली असेल तर विक. बस्स. सोमवारी सकाळी भाव वर होते, म्हणजे त्याने घ्यायला हवं होतं! मग त्याला विकायला कुणी सांगितलं? कृपा रडवेली होऊन माझा हात धरून म्हणाली, "तारा सम, मने पण खबर नथी." तुझी शपथ, मलाही माहीत नाही म्हणे! मी हात सोडवून घेतला.

आपल्याच प्रोग्रामचा खुलासा देता येत नाही म्हणून तिला स्पर्धेतून काढलं. मी पहिली आले, तेही तोवरच्या कमाईवर. कारण तिचा प्रोग्राम बंद झाला त्या दिवसापासून मला नवीन काही सुचेचना. उरलेले चार दिवस स्क्रीनसमोर ठोंब्यासारखी बसून होते. माझ्या मनातलं तिच्या प्रोग्रामला कळत होतं, की त्याचंच मला सुचत होतं? वर्ष होत आलं, मला खरंच माहीत नाही.

बक्षीस देताना पाहुण्यांनी विचारलं, "कापडाचे शेअर विकायची आयडिया सुचली कशी?" मी माइकवर म्हटलं, "घरात बोलता बोलता." पप्पांना ऐकू आलं नसावं, ते नुसते हसत होते. आणि पहिल्या रांगेत कृपा उभी राहून टाळ्या वाजवत होती. नोकरीचं पत्र माझ्या हातात होतं, तरी मी तिच्याकडेच बघत होते — हरूनसुद्धा हिला इतक्या मनापासून टाळ्या वाजवता येतात, याचाच मला हेवा वाटत होता.