लाल दोऱ्याचं बटण

तुमच्या घरातला माणूस परमुलखात पकडला गेला, आणि तो पकडला गेलाय हेच तुम्हाला कोणी कळवलं नाही, तर त्याला तुम्ही कुठे शोधाल?

रियाधमधल्या आम्हा कोकणी माणसांकडे या प्रश्नाला एकच उत्तर होतं. बत्ह्याला जा आणि पिशवीवाल्या चाचांना गाठा.

चाचा मूळचे श्रीवर्धनकडचे, धंद्याने शिंपी. बत्ह्याच्या बाजारात एका हॉटेलाच्या जिन्याखाली त्यांचं मशीन होतं. शेजारच्या कढईचा वास तिथल्या प्रत्येक कपड्याला लागायचा. चाचांची ख्याती शिलाईपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची होती. ते कोणालाही माफ करत नसत. नमाज चुकवायचे नाहीत, कोणाला रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाहीत, पण माफी हा विषय निघाला की सुई दातात धरून म्हणायचे, "माफ करना अल्लाचा काम हाय. मी दर्जी हाय."

कामगाराला फसवणारा कोणी त्यांच्याकडे पँट शिवायला आला, तर ते माप घेत, चहा पाजत, पँट झकास शिवत. फक्त खिशांची तोंडं आतून टाके घालून बंद करत. माणूस तणतणत परत यायचा. चाचा चष्म्यावरून बघायचे. "तुझा हात दुसऱ्याच्या ताटात असतो ना? मग तुला खिसा कशाला?" बाजार हसायचा आणि तो माणूस पुन्हा त्या गल्लीत दिसायचा नाही.

मशीनच्या मागे खिळ्याला एक जाड कापडी पिशवी टांगलेली असे. तिच्यात एक बनियन, एक टॉवेल, साबण, दात घासायचा ब्रश, बिस्किटांचा पुडा आणि एक सुरवार. सुरवारीला नाडा नाही. चाचा तो स्वतः ओढून काढत आणि इलॅस्टिक घालत. "नाडा आत घेत नाय. कुणी गळ्याला लावंल म्हणून." माणूस हरवल्याची खबर आली की चाचा ही पिशवी घेऊन एकेका पोलीस ठाण्याच्या फाटकावर जात. तिथे माणसाची चौकशी करत नसत. चौकशीला ठरलेलं उत्तर असतं, "मा फी", नाही. चाचा नुसती पिशवी पुढे करत, इकाम्याची, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याची, झेरॉक्स वर ठेवत आणि म्हणत, एवढं त्याला द्या. पिशवी परत आली तर माणूस तिथे नाही. आत गेली तर आहे.

मला ही पद्धत आधी हास्यास्पद वाटली होती. मी शहरातल्या मलाझ भागात एका कचेरीत नकाशे काढतो. माझा विश्वास पडद्यावर. मी त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडून पकडलेल्यांच्या याद्या शोधत बसलो. अमेरिकेतल्या कुठल्याशा ग्रामीण काउंटीत काल कोणाला पकडलं, याची यादी पुढ्यात आली, फोटोसकट, कोणीही बघावी अशी. आणि आमचा माणूस, याच वाळवंटात गाडीने पोचता येईल इतक्या अंतरावर बसलेला, कुठेच नव्हता. चाचांनी ते फोटो बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "ह्यांचं पण बरं नाय. पकडला म्हणजे चोर झाला काय? पोराटोरांनी बघावा म्हणून थोबाड लावायचा?" लॅपटॉप माझ्याकडे सरकवत म्हणाले, "पण बायकोला तरी कळंल, जिवंत हाय." आणि खिळ्यावरची पिशवी काढली.

तो आमचा माणूस म्हणजे सुभाष. संगमेश्वरकडचा वेल्डर. शहराबाहेरच्या एका कॅम्पात राहायचा. साइटवर एक बिहारी पोरगा कमरेच्या सेफ्टी पट्ट्याविना चढला आणि वरून पडून त्याचा पाठीचा कणा मोडला. त्यानंतर सुभाषने आपल्या गँगला सांगितलं, पट्टा मिळाल्याशिवाय कोणी चढायचं नाही. कोणी चढलं नाही. पट्टे आले. त्यानंतरच्या शुक्रवारी सुभाष सामान आणायला म्हणून कॅम्पातून निघाला आणि परत आला नाही.

कॅम्प-बॉस आपलाच मराठी होता, सुभाषच्याच तालुक्यातला. सगळे त्याला दादा म्हणत. आजारपणात दवाखान्यात नेणारा, गणपतीत खोलीत गुपचूप आरती करवणारा, "काय रे, जेवलास का" असं आपल्या बोलीत विचारणारा दादा. त्याने सांगितलं, "पळाला. दुसरीकडे जास्त मिळालं असेल." तेवढ्यावर तो थांबला नाही. गावी सुभाषच्या भावाला फोन करून त्याने कळवलं की तुमचा माणूस जेद्दाला गेलाय, कोणा बाईच्या नादाने. खरी गोष्ट अशी होती की दादाने कचेरीतून सुभाषच्या नावावर हुरूब लावून घेतला होता. हुरूब म्हणजे कामावरून पळाल्याची नोंद. ती लागली की इकामा मेला. पुढच्या नाक्यावर कार्ड तपासलं की माणूस आत. सुभाष आदल्या दिवसापर्यंत कामावर अंगठा लावत होता. त्याला याची गंधवार्ता नव्हती.

आमच्या घरी बाबांच्या युनियनची पत्रकं पडलेली असत. मी वाचायला त्यांच्यावर शिकलो. त्या पत्रकांतला शत्रू नेहमी वरून यायचा, गाडीतून उतरायचा, परकी भाषा बोलायचा. जेवलास का म्हणून विचारणारा शत्रू एकाही पत्रकात नव्हता.

सुभाषची बायको, वैशालीवहिनी, रोज फोन करायची. सासरी तिच्याशी बोलणं बंद झालं होतं. ती एवढंच विचारायची, "भाऊजी, गेलेत की सोडून गेलेत, एवढं तरी कळू दे."

मग गाडी माझी आणि पिशवी चाचांची. आम्ही शहर सोडून आडवळणाच्या गावांतली ठाणी धरली. खजुरांचे मळे, पेट्रोल पंप, बकऱ्यांचे ट्रक, आणि मग एखादं पिवळट फाटक. पहारेकरी बहुधा वाईट नसायचे. एकाने आम्हाला कहवा पाजला आणि पिशवी परत दिली. दुसरा "बुकरा, बुकरा" म्हणत राहिला, उद्या या. उद्या गेलो तर पिशवी परत. प्रत्येक परतीला चाचा गाडीत बसून बिस्किटांचा पुडा तपासत. फुटला असेल तर नवीन घेत. "आत बसलेल्या माणसाला चुरा द्यायचा नाय." मी चिडून म्हणालो, "चाचा, तो आत आहे की नाही हेच माहीत नाही." ते म्हणाले, "तू गाडी चालव. तुझा रागाचा टाकी फुल हाय, पेट्रोलचा बघ."

एका लहानशा ठाण्यावर पिशवी आत गेली आणि बाहेर आली नाही. आम्ही उन्हात उभे राहिलो. शेवटी शिपायाने एक बोळा आणून चाचांच्या हातात दिला. धुवायचा शर्ट. बाहीवर वेल्डिंगच्या ठिणग्यांची भोकं होती. चाचांनी तो तिथेच झटकून उलगडला आणि अंगठा दुसऱ्या बटणावर ठेवला. निळ्या शर्टावर ते लाल दोऱ्याने लावलेलं होतं. "हा टाका दर्ज्याचा नाय. घरातल्या बाईचा हाय."

मी वहिनीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. म्हणाली, "निघायच्या दिवशी तुटलं होतं. हातात आला तो दोरा घेतला."

चाचांचा नियम होता: माणूस सापडला की आधी गप्प बसायचं. कंपनीला कळायच्या आत हुरूब खोटा असल्याची तक्रार कामगार कचेरीत दाखल झाली पाहिजे. खोलीतल्या सोबत्यांनी साक्ष द्यायची, अंगठ्याची नोंद दाखवायची. मी अर्ज लिहायला घेतलाही होता. पण कोकणातल्या माणसाला बरी बातमी कळली की ती आधी आपल्या थोरल्या माणसाच्या कानावर घालावी लागते, नाहीतर तो रुसतो. सुभाषच्या खोलीतला सोबती, भाबडा गडी, बत्ह्यातून पेढे घेऊन दादाकडे गेला. "दादा, आपला सुभाष सापडला." दादाने पेढा खाल्ला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आता मी बघतो."

त्याने बघितलं. आमचा अर्ज दाखल व्हायच्या आत कंपनीचा माणूस तिकीट घेऊन ठाण्यावर पोचला. पोलिसांनी सुभाषच्या बोटांचे ठसे घेतले, पुन्हा या देशात पाय ठेवायची बंदी घातली आणि त्याला विमानात चढवलं. गेलेल्या माणसाची तक्रार कोण ऐकणार? खलास. चाचांनी पेढेवाल्या सोबत्याला एका शब्दाने दुखवलं नाही. रिकामा खिळा बघत म्हणाले, "त्यानं माणूस ओळखायला चूक केली. दादानं चूक केली नाय."

सुभाष आज गावी ग्रिल बनवतो. लोक त्याला पळपुटा म्हणतात. वहिनीने त्याला घरात घेतलं. गावाने घेतलं नाही.

पुढे वर्षभराने दादा चाचांच्या दुकानात आला. नोकरी संपवून कायमचा गावी चालला होता. तालुक्यात त्याचा सत्कार ठरला होता, परदेशात मराठी माणसाला आधार दिला म्हणून. त्याला मोतिया रंगाची सफारी हवी होती. मी तिथेच स्टुलावर बसलो होतो.

"काय चाचा, अजून राग हाय वाटतं? झालं गेलं."

"हात वर कर. छाती फुगवू नको, माप चुकंल."

"खिसे तेवढे उघडे ठेवा हां. तुमची कीर्ती ऐकलीय."

"चार खिसे देतो तुला. सगळे उघडे."

तो गेल्यावर मी चाचांवर उखडलो. म्हणालो, हाकलून द्यायचं सोडून तुम्ही त्याला सजवताय. चाचांनी कात्री उचलली. सफारी त्यांनी अशी शिवली की हॉटेलातले वेटर बघायला आले. शेवटी बटणं लावली, सगळी मोतिया दोऱ्याने. दुसरं बटण सोडून. त्याला त्यांनी खोक्यातून लाल दोरा काढला, आणि सरावलेल्या हाताने मुद्दाम घरातल्या बाईसारखा वेडावाकडा टाका घातला.

"त्याला दिसेल ना," मी म्हणालो.

"आपल्या छातीवरचा बटन कोण बघतो? समोरचा बघतो. आणि समोर सुभाषची बाय बसलेली असंल."

त्यानंतर चाचाही थकले. गुडघे मशीन चालवू देईनात. विमानतळावर त्यांनी सुभाषनंतर नवी शिवलेली कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "इलॅस्टिक बदलत जा. ठेवून ठेवून सैल होतंय." मी विचारलं, "दादाला आता तरी माफ केलं का?" ते हसले. "घरी जाऊन अल्लाला विचारतो. त्याचा काम हाय." श्रीवर्धनला पोचल्यावर काही महिन्यांतच ते गेल्याची खबर आली. विचारलं की नाही, ते मला कळलं नाही. पिशवी माझ्या दाराच्या खिळ्यावर आहे, आणि त्यांचा राग मी तिच्यातल्या साबणासारखा कोरडा राखला आहे.

सत्कार झाला. वहिनी मागच्या रांगेत होती. दादा लोकांना भेटत तिच्यापाशी आला तेव्हा तिने बटण पाहिलं, पण एकटीचा आवाज लाऊडस्पीकरपुढे निघाला नाही. म्हणून हे तुम्हाला लिहितो आहे. दादा आता सगळीकडे बोलावला जातो. तुमच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला येईल, पतपेढीच्या उद्घाटनाला येईल, आणि ती सफारी त्याला फार आवडते. हार घालायला तुम्हाला पुढे बोलावलं तर जा. हार हातातच ठेवा. वरून दुसरं बटण पाहा. दोरा लाल असेल तर माइकपाशी उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा: सुभाष पळाला होता, की तुम्ही पळवला? आणि तो उत्तर देईपर्यंत खाली उतरू नका.