चुकीचा नंबर

दक्षिण कोरियातल्या गुनसानच्या बाजारात खारवलेली कोळंबी विकणारी ओक-बुन तोंडाची फटकळ म्हणून सगळ्यांना माहीत होती. पण दत्तक संस्थेतून फोन आला, "तुमची मुलगी डेन्मार्कहून आली आहे, तुम्हाला भेटायचं म्हणते," तेव्हा तिच्या तोंडून एवढंच निघालं, "चुकीचा नंबर लागलाय." समोर नवरा जेवत होता. लग्नाआधी मासानच्या कापड गिरणीत असताना झालेल्या त्या पोरीबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हतं. पुन्हा फोन आला, पुन्हा तेच उत्तर.

पुढे एकदा सार्वजनिक न्हाणीघरात अंघोळ उरकून, कपडे घालून ती तिथल्याच बसायच्या खोलीत शेजारणीबरोबर, माल-सूनबरोबर, उकडलेली अंडी सोलत बसली होती. टीव्हीवर एक चाळिशीची बाई दुभाष्यामार्फत बोलत होती. नाव मेटे, जन्म मासानचा, आईने भेटायला नकार दिलेला. ती ओठ मुडपून हसली आणि ओक-बुनच्या हातातलं अंडं तसंच राहिलं. थेट ओक-बुनच्या आईचं हसू.

"काय गं बाई ही आई!" माल-सून म्हणाली. "पोटचा गोळा विमानात बसवून दिला, आणि आता तोंड लपवून बसलीय."

आजूबाजूच्या बायका ओक-बुनकडे बघू लागल्या. एरवी अशा वेळी तीच आधी बोलायची.

"असल्यांना काळीज नसतंच," ती म्हणाली, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

तेवढ्यात वार्ताहराने विचारलं, "आईचं नाव कळलं का?"

"कळलंय, गावही कळलंय," मेटे म्हणाली. "पण ती भेटायला तयार नाही. तिचं घर असेल, माणसं असतील. मी नाव सांगणार नाही."

अंगावर कपडे असून ओक-बुनला नागवं झाल्यासारखं वाटलं. ती उठली, "पोटात कळ आली" म्हणून घरी निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी तिने संस्थेला स्वतः फोन लावला. भाचीकडे जाते असं नवऱ्याला सांगून ती राजधानीला, सोलला गेली. मेटे समोर बसली, पण ओक-बुनची मान वर होईना. शेवटी तिने एवढंच विचारलं, "जेवलीस का?" मेटे रडायला लागली. जरा वेळाने तिने दुभाष्याकडून विचारून घेतलं, "मी कधी तुमच्या गावी आले तर?"

"नको," ओक-बुन म्हणाली. मेटेने मान डोलावली.

आता मेटे डेन्मार्कहून अधूनमधून फोन करते, मोडकंतोडकं कोरियन बोलते. नवरा जवळ असला की ओक-बुन म्हणते, "हो हो, माल पोचला, उद्या बोलू." पहिल्यांदा मेटे गोंधळली होती. आता तिला कळतं. "बरं, मालकीणबाई," ती हळूच म्हणते आणि फोन ठेवते. लेकीने इतकं सांभाळून घ्यावं, याचीच ओक-बुनला सगळ्यात जास्त लाज वाटते.