जंताचं माहेर

यवतमाळच्या एसटी स्टँडवर नागपूरची गाडी लागली होती आणि अम्मी माझ्या बॅगेत जवसाच्या चटणीचा डबा कोंबत होती. नागपूरहून दिल्ली आणि दिल्लीहून स्कॉटलंड असा प्रवास होता, पण पोरगी नागपूर येईपर्यंतच उपाशी मरणार अशी तिची खात्री होती. अब्बा जरा लांब, रसवंतीच्या सावलीत उभे होते. गाडी हलली तेव्हा ते खिडकीपाशी आले. "तब्येत संभाळ," म्हणाले, "अन् जमलं तं तेवढं शोधून सांग मले. तो रोग मीच आणला का?"

दुसऱ्यांचे बाप निरोप देताना फोन कर म्हणतात. माझ्या बापाने मला प्रश्न देऊन पाठवलं.

वणीत राहिलात ते आणि माझ्यासारखे पुण्याला, दुबईला, कुठे कुठे गेलात ते, तुम्हा सगळ्यांना आमची गोष्ट अर्धी माहीत आहे. ती अर्धी तुम्ही बाजारात ऐकलीत. उरलेली आता माझ्याकडून ऐका.

वणीत अब्बांचा बकऱ्यांचा धंदा होता. कापसाची ती वाईट वर्षं. अळीने बोंडं पोखरायची, आणि जे घरात यायचं त्याला भाव नसायचा. मग लोक बकऱ्यांकडे वळले. अब्बांनी राजस्थानातल्या एका बाजारातून उंच, लांब कानांच्या बकऱ्या ट्रकने आणल्या. आमच्या भागात तिकडून माल आणणारे ते एकटेच. पहिल्या खेपेतल्या बकऱ्या घेतल्या त्या भाऊरावकाकांनी. काका म्हणजे वणीजवळच्या गावातले शेतकरी आणि अब्बांचे जिवलग दोस्त. लहानपणी मी माझ्या घरी जेवढी जेवले असेन तेवढीच त्यांच्याकडे, आणि वत्सलाकाकूंच्या हातचा मारही खाल्ला आहे.

पुढच्या पावसाळ्यात बकऱ्या बसायला लागल्या. डोळ्याची पापणी उलटून पाहिली तर आत पांढरीफटक. जबड्याखाली पाणी उतरायचं. जंताच्या औषधाच्या बाटल्या रिकाम्या झाल्या, पण फरक काही पडला नाही. काकांचा गोठा जवळजवळ रिकामा झाला, आणि त्यांच्या जुन्या गावरान बकऱ्याही नव्यांबरोबर गेल्या. मग एका बाजाराच्या दिवशी ते सगळ्यांसमोर बोलले, "रहीमच्या बकऱ्यांनी घात केला."

अब्बांनी धंदा गुंडाळला आणि आम्हाला घेऊन थेट यवतमाळजवळ लोहाऱ्याला आले. तिथे कारखान्याच्या गोदामावर त्यांना काम मिळालं. "गाव कायले सोडून राह्यलो आपण?" अम्मीने विचारलं होतं. "रोज कोणाकोणाले तोंड दाखवू?" एवढंच ते म्हणाले. तासाभरात पाच बकऱ्यांचे सौदे तोंडी उरकणारा माणूस लोहाऱ्यात भाजीवाल्याशीही भाव करेना. मी व्हेटरनरीला गेले ती याच हट्टाने. लोकांना वाटलं, पोरीला जनावरांची आवड आहे.

स्कॉटलंडमध्ये माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, त्यामुळे माझ्या कामाला तिथे मान आहे. आपल्याकडे नाही. "पोरगी काय करते?" असं स्थळाकडच्यांनी विचारलं की अम्मी "रिसर्च" म्हणून विषय बदलते. रिसर्च म्हणजे बकरीच्या लेंड्या. त्यात जंताची अंडी असतात. हा जंत केसासारखा बारीक, लाल-पांढरा पीळ घातल्यासारखा, आणि बकरीच्या पोटात बसून रक्त पितो. तो आपल्याकडे होताच, पण आपला औषधाने मरायचा. औषध पचवणारं कुळ बाहेरून आलं. कुठून आलं आणि कसं पसरलं, हे डीएनएवरून काढता येतं. पिढ्यानपिढ्या डीएनएत बारीकसारीक बदल साठत जातात. ते जुळवले की कुठला जंत कुठल्याचा वंशज ते कळतं, जसं आपण नाकावरून पोराचं घराणं ओळखतो.

सुपरवायझरला मी आपल्या जिल्ह्याचं नाव सुचवलं. का, ते सांगितलं नाही. सुट्टीवर आले ती नळ्या आणि स्पिरिट घेऊनच. गावोगाव फिरले, लेंड्या गोळा केल्या. राजस्थानातल्या त्या बाजारातले नमुने एका मित्राने मिळवून दिले. भाऊरावकाकांच्या गावात गेले, पण त्यांच्या गल्लीकडे पाऊल वळलं नाही. शेजारच्या गल्लीतल्या बकऱ्यांवर भागवलं.

लॅबमध्ये निकाल स्क्रीनवर आला, एखाद्या वंशवृक्षासारखा. मूळ राजस्थानच्या बाजारात. पहिल्या फांद्या वणीच्या आसपास, नेमक्या अब्बांनी बकऱ्या विकल्या त्या गावांत. शंकेला जागा नव्हती. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला वाटत होतं, विज्ञान माझ्या बापाच्या बाजूने निघेल.

पण झाड तिथे थांबत नव्हतं. राळेगाव, घाटंजी, पांढरकवडा, पार चंद्रपूरपर्यंत फांद्या गेल्या होत्या, आणि तिकडे अब्बांचा ट्रक कधी गेलाच नव्हता. मग मी गावांमधल्या गप्पा आठवल्या. ही बकरी कुठली, असं मी प्रत्येक घरी विचारलं होतं, आणि त्या लांबच्या गावांत बायकांनी एकच उत्तर दिलं होतं, "माहेरची." लेकीचं पहिलं बाळंतपण झालं की माहेरून तिला एक पाठ, म्हणजे बकरीचं मादी पिल्लू देतात. मोठी झाली की लेकराला दूध होतं. आता लेकीला द्यायची म्हणून बाप ती नीट देतो. धुतो, गळ्यात घंटी बांधतो आणि आठवणीने जंताचं औषध पाजतो, तेही अंदाजाने. साधे जंत मरतात. औषध पचवणारे तेवढे उरतात, आणि लेकीच्या सासरच्या स्वच्छ गोठ्यात बिनस्पर्धा संसार थाटतात. बाप जितका काळजीवाहू, तितकी या जंताची सोय चांगली. माझ्या पेपरमध्ये हे मी फार कोरड्या भाषेत लिहिलं आहे. लिहिताना मात्र गळ्यात घंटी बांधलेली बकरी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

अब्बांना फोन केला. आधी पसरण्याचं सांगावं, मग आणण्याचं, म्हणजे धक्का कमी बसेल असं ठरवलं होतं. त्यांनी मला दोन वाक्यांवर थांबवलं. "आणलं मीच ना?"

"हो, अब्बा."

"पक्कं?"

"पक्कं."

"बरं. भाऊरावले मी सांगतो. तू नको."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच वणीच्या गाडीत बसले. अम्मी मला फोनवर बोलली, "कायले सांगतलं तू? मिटलेलं होतं ना सारं." मिटलेलं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. त्या दिवशी लॅबमध्ये माझ्या हातून एकही काम धड झालं नाही.

पुढचं अब्बांनीच सांगितलं. काका ओट्यावर बसले होते. अब्बा अंगणातच उभे राहिले. "भाऊ, माह्याच बकऱ्या होत्या. पोरीनं तपासून सांगतलं."

"मंग मले काय नवीन सांगून राह्यला?" काका म्हणाले. "मी तं तवाच बोललो होतो." आणि मग सगळी गल्ली बाहेर येईल इतक्या जोरात ओरडले, "बकऱ्या गेल्या, दुसऱ्या झाल्या! मी रागात एक गोष्ट बोललो, तं तू गावच सोडून गेला? भांडाले तरी थांबाचं होतं!"

इथवर सांगून अब्बा रडायला लागले. मी त्यांना रडताना आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही व्हॉट्सॲपवर. मलाही तेव्हा कळलं की इतकी वर्षं आम्ही भलत्याच गुन्ह्याचा तपास करत होतो.

अब्बा त्या रात्री तिथेच राहिले. सकाळी व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर आधी एक लांब कान, मग वत्सलाकाकू. केस पांढरे झालेत, आवाज तोच. "सलमा, हे पाह्य, तुयी पाठ. अवं, लेकरू होईल तवा होईल, तुया काही आम्हाले भरवसा नाई. औषध नाई पाजलं. तू सांगशील तवाच पाजू."

शास्त्राप्रमाणे मी नको म्हणायला हवं होतं. बकऱ्या अशा वाटू नका, हा माझाच सल्ला आहे, छापलेला. मी म्हटलं, "काकू, काळी आहे का कबरी? फोन नीट धरा."

आता इथे कोणी घर कुठे विचारलं की माझी पंचाईत होत नाही. लोहाऱ्याला अम्मी-अब्बा आहेत, ग्लासगोला फ्लॅट आहे, आणि वणीजवळ भाऊरावकाकांच्या गोठ्यात माझी बकरी आहे. बाकीच्या लेकींच्या बकऱ्या माहेर सोडून सासरी जातात. माझी तिथेच राहणार आहे. यायचं मलाच आहे.